तिकडचा दत्ताराम

लालबाग, १७ नोव्हेंबर २०२४

आकांक्षा हिस,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरलो म्हणून नव्हे. आशीर्वाद तुझी आई फोनवर रोज देते आणि मी आतल्या खोलीत पेपर धरून ऐकतो. तेवढे तुला पुरत असतील.

तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हणालो होतो, ते आजवर पाळलं. लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. तेव्हा बाबांनी शब्द मोडला अशी बोंब आईजवळ मारू नकोस.

विषयावर येतो. तुला दिवस गेले आहेत. हे मला कोणी सांगितलेलं नाही. या घरात मला कोणी काही सांगत नाही. तू शिकायला म्हणून वालेन्सियाला गेलीस आणि तिकडच्याच माणसाशी लग्न नोंदवून मोकळी झालीस, तेही आईला आधी ठाऊक होतं आणि मला नंतर. पण मी उभी हयात गोदीत टॅली क्लार्क म्हणून काढली. बोटीतून उतरलेला माल कागदाशी जुळतो की नाही ते बघायचं, हेच माझं काम. माझ्या डोळ्यांत धूळ टाकणं सोपं नाही. गेल्या आठवड्यात आईने आजीची जुनी लुगडी काढली, धुतली आणि खिडकीत वाळत घातली. मऊ झालेल्या सुती लुगड्यांची आपल्याकडे एकच गोष्ट शिवतात, दुपटी. मी विचारलं, "नलू, दुपटी कोणासाठी?" तर म्हणते, "कोणासाठी नाय. कसर लागता म्हणान सुकत घातलंय." आणि डोळे पुसले. कसर लागली म्हणून कोणी रडत नाही.

आता मुद्दा. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझी आई तुझ्या वेळी देवगडला गेली होती. तू लालबागला कधी येणार? सातवा लागायच्या आत आलीस तर विमानवाले घेतील, मी चौकशी केली आहे. आणि मुख्य म्हणजे तुझी सासू तुला पाठवणार आहे का?

मला त्या बाईचा भरवसा वाटत नाही. कारण सांगतो. परवा व्हिडिओवर ती पिलारबाई धबधब्यासारखी बोलत होती. हात हलवत होती, छातीला लावत होती, एकदा तर डोळ्यांना रुमाल लावला. ती थांबल्यावर तू आईला काय सांगितलंस? "आई, त्या म्हणतात तब्येतीला जपा." एवढंच? एवढ्या मोठ्या बोटीतून एकच पेटी उतरली? बाकीचा माल कुठे गेला, आकांक्षा? काहीतरी लपवलं जातंय आणि ते तू लपवते आहेस.

जावईबापूंना नाचो म्हणतात असं कळलं. हे नाव आहे की हुकूम?

उत्तर लेखी द्यावं. आईच्या फोनवर निरोप नको.

दत्ताराम घाडी


लालबाग, ८ डिसेंबर २०२४

आकांक्षा हिस,

पत्र पोचलं हे आईच्या चेहऱ्यावरून कळलं. निरोप नको म्हटलं होतं, तर तू नेमका निरोपच दिलास. "बाबांना सांग, बघू." बघू म्हणजे नाही, हे मी तुला लहानपणी शिकवलंय. सर्कस बघायला जायचं का विचारलंस की मी बघू म्हणायचो.

हे 'बघू' तुझं नाही, तुझ्या सासूचं आहे. म्हणून मी ठरवलं, मधला दलाल नको. विहीणबाईंना थेट पत्र लिहायचं, त्यांच्या भाषेत, आणि लेकीला माहेरी पाठवा म्हणून रीतसर विचारायचं. आई म्हणाली, "अहो, मराठीत लिवा, आकू वाचून दाखवील." मी म्हटलं, तीच तर भानगड आहे.

कोश शोधायला दादरची दुकानं पालथी घातली. मराठी-स्पॅनिश म्हटलं की दुकानदार हसायचे. शेवटी गिरगावात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे इंग्रजी-स्पॅनिश सापडला. अर्धा इकडून तिकडे, अर्धा तिकडून इकडे. म्हणजे माझं मराठी वाक्य आधी इंग्रजी बोटीत चढणार आणि तिथून स्पॅनिश बोटीत. माल दोनदा हाताळला की एखादी पेटी फुटतेच, हे मला कोणी सांगायला नको.

पहिल्याच वाक्याला अडलो. लेकीची पहिली डिलिव्हरी आमच्या घरी होते, एवढं साधं वाक्य. कोशात डिलिव्हरी काढली तर तिथे ही गर्दी! पहिला शब्द एन्त्रेगा. मला तो आवडला, भारदस्त वाटला. पण मी गोदीतला माणूस, पहिल्या नगावर सही करत नाही. कोशाच्या मागच्या अर्ध्यात जाऊन एन्त्रेगा उलटा काढला. तर तो निघाला माल हवाली करण्याचा. आमचाच डिलिव्हरी ऑर्डरवाला. तुला काय धक्क्यावर उतरवून घ्यायची आहे? दुसरा रेपार्तो. तो उलटा काढला, तर दूध नि पेपर घरोघर टाकण्याचा. तिसरा होता लिबेरासिओन, सुटका. इथे मी चांगलाच अडकलो. तुझी आई, तुझी आत्या, सगळ्या बायका तेच म्हणतात ना, अमकीची सुखरूप सुटका झाली. मला वाटलं, सापडला. पण उलटा काढला तर तिथे कैदी नि गुलाम. पिलारबाईंना लिहिणार होतो, आमच्या मुलीची पहिली सुटका आमच्या घरी होते! खरं सांगतो, तो शब्द बाजूला ठेवताना थोडं वाईट वाटलं. माझ्या मनातलं तेच होतं.

मोबाइलला विचारलं. एकटा शब्द घातला तर एन्त्रेगा म्हणाला. पूर्ण वाक्य घातलं, मुलगी, आई, बाळ सगळं, तर म्हणाला पार्तो. एकाच तोंडाने दोन जबान्या. आधी मोबाइलवरच संशय आला, मग लक्षात आलं की चूक विचारणाऱ्याची. शब्द एकटा गाठला तर वाटेल ते बोलतो. चार शब्दांच्या मध्ये उभा करून विचारला पाहिजे. मग पार्तो कोशात उलटा काढला, खाली दिलेलं उदाहरण वाचलं. त्यात सुईण होती. सुईण दिसल्यावर मी सही केली.

म्हणजे एक शब्द पक्का झाला. असं एकेक करून पत्र पूर्ण करतो. पिलारबाईंचा पत्ता आईच्या फोनमध्ये पार्सलच्या पावतीवर मिळाला. आई तिकडे पार्सलं पाठवते, हेही मला तेव्हाच कळलं.

दत्ताराम घाडी


लालबाग, २९ डिसेंबर २०२४

आकांक्षा हिस,

तू आईला सांगितलंस, "काहीही कर, पण बाबांना पत्र पाठवू देऊ नकोस." स्पीकर चालू होता. आईला स्पीकर बंद करता येत नाही, हे तू लक्षात ठेवायला हवं होतंस.

दुसऱ्या दिवशी कोश गायब. मी आरडाओरडा केला नाही. चोर घरातला असला की आरडाओरडा करायचा नसतो. आई भाजी आणायला उतरली आणि मी मसाल्याच्या बरणीमागे हात घातला. मिळाला. आता 'प'च्या पानांना मालवणी मसाल्याचा वास येतो आणि पार्तो काढताना मला शिंका येतात.

पण यावरून मला जे समजायचं ते समजलं. एक साधं पत्र, मुलीला बाळंतपणाला पाठवा म्हणणारं. त्याला एवढं घाबरायचं काय कारण? मी त्या बाईशी बोललो तर काहीतरी उघडं पडणार आहे. तू तिला माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस? बाप मेला म्हणून सांगितलंस का? स्पष्ट विचारतो. तसं असेल तर तसं लिही. मी समजून घेईन असं नाही, पण निदान कळेल.

पत्र पूर्ण झालं. एका शब्दाने मात्र घाम काढला. तुझ्यावाचून घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, असं आईच्या वतीने लिहायचं होतं. इंग्रजीत त्याला मिस म्हणतात. कोशात मिस काढला तर आधी आली कुमारी. मग नेम चुकणं, मग गाडी चुकणं. मग एस्त्रान्यार. तो बरा दिसला, पण उलटा काढला तर त्याच्या अंगात आठवण काढणं आहे, नवल वाटणं आहे आणि हद्दपार करणंही आहे. शेजारीच त्याचा भाऊ बसलाय, त्याचा अर्थ परका माणूस. आठवण काढणारा आणि परका एका खोलीत राहतात, ही भाषा मला ठीक दिसत नाही. शेवटी एचार दे मेनोस घेतला. सुटा करून पाहिला तर 'कमी' नि 'टाकणं' असलं काहीतरी निघतं, त्यात माया कुठे दिसत नाही. पण उदाहरणात एक आई आपल्या परगावच्या मुलासाठी तोच शब्द वापरत होती, म्हणून घेतला. वाक्यात 'तिच्या आईला' असं स्पष्ट लिहिलं आहे. कोणाला तसं वाटतं याबद्दल गैरसमज नको.

बाकी पत्र असं: मी दत्ताराम घाडी, आकांक्षाचा पिता, निवृत्त टॅली क्लार्क. आमच्या चालीप्रमाणे मुलीचं पहिलं पार्तो माहेरी होतं. तरी आपण तिला फेब्रुवारीच्या आत मुंबईला पाठवावं. तिची नीट काळजी घेतली जाईल. कळावे.

परळच्या पोस्टात स्वतः रजिस्टर करून टाकलं. तुझ्या आईच्या हातात दिलं नाही.

दत्ताराम घाडी


लालबाग, ३० जानेवारी २०२५

आकांक्षा,

पत्र पोचलं आहे. पोस्टाच्या साइटवर दिसतं, सहीसकट. सही पिलारबाईंची. आणि तरी उत्तर नाही.

आईने तुला आडून विचारलं, सासूबाईंना काही टपाल आलं का? तू म्हणालीस, नाही. तुझ्या आवाजावरून तू खरं बोलत होतीस, तेवढं मला कळतं. म्हणजे बाईने पत्र तुझ्यापासून लपवलं. आता बोल! मी म्हणत होतो ना? सून पोटुशी, तिच्या बापाचं पत्र येतं आणि सासू ते गिळून बसते. यात काळंबेरं नाही तर दुसरं काय असतं?

रात्री जेवण जात नाही. आई म्हणते, "तुमचो संशयच तुमका खातलो." असू दे. गोदीत माझ्या संशयामुळे लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण माझ्या शेडमधून पेटी गेली नाही. तू मात्र गेलीस. माझ्या डोळ्यांसमोरून, बॅग घेऊन, विमानतळावर हसत. मी बॅगेचं वजन केलं होतं, कुलपं तपासली होती, पासपोर्ट दोनदा बघितला होता. आणि एवढं करून परत आलीच नाहीस.

ताबडतोब एक कर. नाचोला विचार. नवरा आहे, आईच्या घरात काय चाललंय ते त्याला ठाऊक असणार. आणि तुला तिथे कोणी अडवून ठेवलं असेल तर आईशी फोनवर बोलताना सुरुवातीला 'बांगडे कसे मिळाले' असं विचार. मी समजेन आणि काय करायचं ते करीन.

बाबा


लालबाग, ९ फेब्रुवारी २०२५

आकांक्षा,

काल फोनवर तू खरंच बांगडे कसे मिळाले म्हणून विचारलंस आणि मग खो खो हसलीस. माझा जीव जायचा राहिला. अशी थट्टा पुन्हा नको.

पण आज जे झालं ते तुला ठाऊक नाही. तू कामावर होतीस. ऐक.

दुपारी आईचा फोन वाजला. पिलारबाई. एकट्या. चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात माझं पत्र. आईने फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वतः मोरीत जाऊन नळ सोडला. तुझ्याशी बोलणार नाही म्हटलं होतं, पिलारबाईंशी नाही असं म्हटलं नव्हतं. म्हणून फोन धरला. त्या आपल्या दुसऱ्या मोबाइलशी बोलायच्या आणि मग त्यातली यंत्राची बाई इंग्रजीत बोलायची. पहिलं वाक्य काय होतं सांगू? 'तुम्ही खरे दत्ताराम आहात का?'

मी गार. मी त्यांच्यावर संशय घेऊन बसलेलो आणि या माझ्यावर! मी उठून आधार कार्ड आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी ते जवळ आणायला लावलं. मग लांब. मग फोटोशेजारी माझा चेहरा धरायला लावला. मनात म्हटलं, बाई गोदीत असती तर माझ्या वरच्या जागेवर गेली असती.

त्यांचं म्हणणं असं. हे पत्र खऱ्या दत्तारामचं असूच शकत नाही. खरा दत्ताराम असा सरकारी नोटिशीसारखा लिहीत नाही. तो सही 'बाबा' अशी करतो. आणि तो कधीही असं म्हणणार नाही की मुलीला पाठवा. 'ती काय माझ्या ताब्यात आहे? इथे कोणी कोणाला पाठवत नाही. ती मोठी बाई आहे. तिला यायचं असेल तर ती येईल. हे तिला न विचारता मला का विचारता?' म्हणून बाईंना वाटलं, कोणीतरी लबाड माणूस बापाचं नाव घेऊन गरोदर पोरीला मुंबईत बोलावून घ्यायला बघतोय. तुला धसका बसेल म्हणून पत्र दडवलं. पोलिसांत द्यायचं की नाही यावर मायलेकांचं भांडण झालं.

मी म्हटलं, कोण खरा दत्ताराम? मी या जन्मात तुम्हाला हे एकच पत्र लिहिलं आहे.

मग त्यांनी मोबाइलशी हळूच काहीतरी बोलून घेतलं आणि यंत्राची बाई म्हणाली, 'खरे असाल तर सांगा. मुलगी टॅक्सीत बसली की तुम्ही नंबर कुठे लिहायचात?'

आकांक्षा, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही. मी डावा हात वर केला आणि तळवा दाखवला.

त्यावर बाई रडायलाच लागल्या. मग हसल्या. मग उठून कपाटातून एकेक वस्तू आणून दाखवू लागल्या. दत्तारामने पाठवलेला मसाला. दत्तारामने पाठवलेली कोकमं. दत्तारामने पाठवलेला समईचा जोड, त्यात त्यांनी मेणबत्त्या लावल्या आहेत. आणि पत्रं. तुझ्या अक्षरातली, खाली 'बाबा' अशी सही. तुझा इंग्रजी 'बी' मी कुठेही ओळखीन, पोट आत गेलेला. मी मराठीत सांगतो आणि तू स्पॅनिशमध्ये उतरवतेस, असं त्या बिचाऱ्यांना वाटतं.

फोन ठेवल्यावर मी आईला मोरीतून बाहेर बोलावलं. गोदीत बनावट कागद करणाऱ्याला काय शिक्षा होते माहीत आहे का, म्हणून ओरडलो. तीही ओरडली. "मग सासूक ती काय सांगतली? बापूस माझ्याशी बोलणा नाय म्हणान सांगतली? तुमचीच लाज राखल्यान तिना. गप रवा."

मी गप आहे. पण रागावलेला आहे. माझ्या नावाने प्रेम वाटत सुटायची परवानगी तुला कोणी दिली होती?

बाबा


लालबाग, २ मार्च २०२५

आकू,

पिलारबाईंनी तुझ्या पत्रांपैकी एकाचा फोटो पाठवला. तुला न सांगता, असं त्या म्हणतात. आता आम्हा दोघांचं बरं जमतं. त्या मला रोज सकाळी एक शब्द पाठवतात, तो मी कोशात उलटा काढून खात्री करतो आणि तसं त्यांना कळवतो. त्यांना ते आवडतं. आपल्या घरात एवढं कोणी कधी आवडून घेतलं नाही.

पत्र भिंग घेऊन वाचलं. तीन आठवडे लागले. इथे मराठीत देतो. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

'पिलारबाई, माझी मुलगी तुम्हाला सांगेल की तिचा बाप कोणावरही विश्वास ठेवत नाही. ती दादरला क्लासला जायची तेव्हा मी तिच्या मागोमाग खाली उतरायचो आणि तिच्या टॅक्सीचा नंबर हातावर लिहून घ्यायचो. ती घरी येईपर्यंत तो हात धूत नसे. तिला वाटायचं, बाबांचा माझ्यावर विश्वास नाही. तिच्यावर होता. टॅक्सीवर नव्हता. ती दहा वर्षांची होईपर्यंत मी तिला बांगड्यातले काटे काढून द्यायचो आणि हे कोणाला कळू नये म्हणून तिला आधी पाण्याचा तांब्या आणायला उठवायचो. मला बोलता येत नाही. मी तिला असाच जपत आलो.'

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ होतो. तू तिथे कुइदार हा शब्द घातला आहेस. उलटा काढला, जपणं, काळजी घेणं. मला पटेना. म्हणून कोशाच्या पुढच्या अर्ध्यात इंग्रजी 'वॉच' काढला, कारण मी जे करायचो त्याला माझ्या मते तोच शब्द. तिथे आधी मनगटावरचं घड्याळ आहे. मग बघणं. मग बिहिलार, म्हणजे पाळत ठेवणं, पहारा देणं. आणि त्याच रांगेत, शेवटी, कुइदार. माझ्या हातात पेन असतं तर मी बिहिलारवर सही करून मोकळा झालो असतो. तुला दोन्ही शब्द ठाऊक असणार, तुझं स्पॅनिश चांगलं आहे. तरी तू तो घेतला नाहीस.

तांब्याचं तुला तेव्हाच कळलं होतं का? मला वाटायचं, नाही.

मी रडलो. हे आईने तुला सांगायच्या आत मीच लिहितो, नाहीतर ती वाढवून सांगेल.

आता कामाचं. पिलारबाई म्हणतात त्याप्रमाणे तुलाच विचारायला हवं होतं, ते आज विचारतो. पहिलं बाळंतपण कुठे करायचं आहे तुला? सातवा सरत आलाय, तेव्हा विमानात बसायचं वेड आता घेऊ नकोस. पण माहेर हवं असेल तर आम्ही तिकडे येतो. नलूने व्हिसाची तारीख घेऊनही टाकली आहे, मला न विचारता. दुपटी शिवून झाली. आळीव नि डिंक विमानात चालतो का ते मी विचारून ठेवलं आहे, आणि विचारलं त्या माणसाचं नावही लिहून घेतलं आहे. चांदीचे वाळे केले. ते खरोखर मी पाठवणारी पहिली वस्तू असतील, म्हणून पार्सलने पाठवत नाही, हातात घेऊन येतो.

एकच अडचण आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणी सोडवू शकत नाही. इतकी वर्षं तू तिकडे एक दत्ताराम उभा केला आहेस. पिलारबाई त्याला ओळखतात, त्याच्या समयांत मेणबत्त्या लावतात. मी उतरलो की त्या त्याला शोधणार. तो कसा आहे ते मला सविस्तर कळव. विनोद करतो का? जेवताना बोलतो का? नाचोला काय हाक मारतो? माल आणि कागद जुळला पाहिजे, आकू, नाहीतर त्या दारातूनच परत पाठवतील, मी त्यांना पाहिलंय.

आणि हे सगळ्यात आधी लिही, बाकीचं नंतर लिहिलंस तरी चालेल. तो तिकडचा दत्ताराम तुझ्याशी बोलतो का? बोलत असेल, तर मला विमानतळावरच सुरुवात करावी लागेल. पहिलं वाक्य काय असतं त्याचं, तेवढं सांगून ठेव. मी पाठ करून येतो.

अनेक आशीर्वाद.

बाबा